शीर्षकाला ॲनिमेशन लावलं की मराठी अक्षरं तुटतात : समस्या निवारण

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते. "इंग्रजीत झकास चालतंय, मराठी मजकूर टाकला की फाटतंय." डिझाइन इंग्रजी शीर्षकावर बेतलेलं असतं, ते मंजूर होतं, आणि साइट लाइव्ह जायच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी त्या जागी 'गणेशमूर्तींचे प्रदर्शन' असं लिहितं. मग 'र्तीं'वरचा रफार आणि अनुस्वार उडालेला दिसतो, 'मू'चा उकार अर्धाच उरतो, शिरोरेघेत फटी पडतात, 'प्र' ऐवजी पाय मोडलेला 'प्' आणि शेजारी सुटा 'र' येतो. कधी तर मधेच ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं.

यावर दोन पळवाटा सर्रास काढल्या जातात. एक, मराठी पानावर ॲनिमेशन बंद करायचं. दुसरी, शीर्षकाचं चित्र करून टाकायचं. दोन्ही मला पटत नाहीत. चित्रातला मजकूर सर्चला सापडत नाही, स्क्रीन रीडर वाचत नाही, मोबाइलवर ओळी मोडत नाही. आणि मराठी वाचकाला साधं पान, इंग्रजी वाचकाला सजवलेलं पान, हा भेद करायचं काहीच कारण नाही. सगळं नीट जमतं. फक्त हे एक दुखणं नसून तीन-चार दुखणी एकत्र आलेली असतात. एकाचा इलाज केला की दुसरं उघडं पडतं आणि लोक चक्रावतात. म्हणून आधी ती वेगळी करू.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: आपण मजकूर कुठेतरी कापतो. कधी जावास्क्रिप्टने शब्दाचे तुकडे करतो, कधी सीएसएसने त्याच्या चित्राची कड छाटतो. लॅटिन लिपी हे दोन्ही काप सहन करते. देवनागरीत काप कुठे पडतो यावर सगळं अवलंबून आहे.

आधी ॲनिमेशन काढून बघा

निदानाची पहिली पायरी हीच. डेव्हटूल्समध्ये, म्हणजे ब्राउझरच्या तपासणीच्या खिडकीत, ॲनिमेशनचे नियम बंद करा. ॲनिमेशनची तयार लायब्ररी शीर्षकाचे स्पॅन (मजकुराच्या तुकड्याभोवतीचे एचटीएमएल टॅग) करत असेल तर नेटवर्क टॅबमधून ती फाइल ब्लॉक करून पान पुन्हा लोड करा. इतकं करूनही शीर्षक तुटकंच दिसत असेल तर ॲनिमेशनचा दोष नाही. तेव्हा तीन जागा तपासा.

पहिली जागा लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर. इंग्रजी डिझाइनमध्ये मोठ्या शीर्षकाला ते हमखास असतं. टेलविंड या तयार क्लासांच्या सीएसएस फ्रेमवर्कच्या टेम्प्लेटात 'ट्रॅकिंग-टाइट' किंवा 'ट्रॅकिंग-वाइड' असा क्लास दिसला की समजा. अधिक मूल्य असेल तर प्रत्येक अक्षरापुढे जागा सुटते आणि शिरोरेघ तुटते. उणे असेल तर रेघ अखंड दिसते, पण काना शेजारच्या अक्षरावर चढतो आणि मोठ्या आकारात ते डोळ्याला खुपतं. मराठीसाठी हे मूल्य 'नॉर्मल' करा, मधला मार्ग शोधू नका.

दुसरी जागा लँग ॲट्रिब्यूट, म्हणजे मजकुराची भाषा सांगणारी एचटीएमएलमधली नोंद. लोक उत्साहाने सीएसएसमध्ये ':लँग(एमआर)' असा निवडक लिहितात, त्यात लेटर-स्पेसिंग आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) दुरुस्त करतात, आणि काहीच बदलत नाही. कारण टेम्प्लेटच्या एचटीएमएल टॅगवर भाषा अजून 'ईएन' आहे. मजकूर मराठी आहे हे ब्राउझर अक्षरं बघून ठरवत नाही, तुम्ही सांगाल तेच मानतो. शिवाय ':लँग'चं वजन एका क्लासइतकंच असतं. शीर्षकाच्या क्लासमध्ये लेटर-स्पेसिंग दिलेलं असेल तर दोघांतला जो नियम फाइलीत नंतर येतो तो जिंकतो. दुरुस्तीचा नियम वरती राहिला की वाया गेला.

लँग बरोबर असण्याचे आणखी दोन फायदे आहेत. स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडतो. आणि ज्या फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळी वळणं दिलेली आहेत तिथे 'ल' आणि 'श' आपल्या पद्धतीचे येतात, हिंदी वळणाचे नाही. शीर्षकात अक्षर जेव्हा तळहाताएवढं होतं तेव्हा हा फरक लपत नाही.

तिसरी जागा, आणि "माझ्या मशीनवर तर बरोबर दिसतंय" या वादाचं मूळ: प्रत्यक्षात कोणता फॉन्ट लागलाय? फॉन्ट-फॅमिलीत जे नाव लिहिलंय त्यात देवनागरी नसेल तर ब्राउझर गुपचूप सिस्टिमचा फॉन्ट उचलतो. विंडोजवर तो निर्मला यूआय किंवा जुन्या मशीनवर मंगल असतो, ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो. प्रत्येकाची उंची वेगळी, रुंदी वेगळी, मात्रा किती वर जाते ते वेगळं. डिझायनरच्या मॅकवर जे बसतं ते क्लायंटच्या विंडोजवर कापलं जातं ते यामुळे. क्रोममध्ये शीर्षक निवडून कम्प्युटेड टॅबच्या तळाशी जा. 'रेंडर्ड फॉन्ट्स' या मथळ्याखाली खरं नाव मिळतं. फायरफॉक्समध्ये त्यासाठी स्वतंत्र फॉन्ट्स पॅनल आहे. तिथे तुमच्या फॉन्टऐवजी भलतंच नाव दिसलं तर पुढचं काही करायच्या आधी मुक्त, बलू, नोटो सान्स देवनागरी असा देवनागरी असलेला फॉन्ट स्वतः द्या. वजनही बघा. फॉन्टचं ७०० वजन लोडच केलं नसेल तर ब्राउझर ४०० लाच फुगवून ठळक करतो आणि 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध्य' यांच्या पोकळ्या बुजतात. 'फॉन्ट-सिंथेसिस: नन' लिहिलं की ही लबाडी लगेच उघड होते.

अक्षरं सुटी पडतात तेव्हा

ॲनिमेशन काढल्यावर शीर्षक ठीक दिसतंय आणि लावलं की तुटतंय, तर बहुधा शब्दाचे तुकडे पाडले गेलेत. एकेक अक्षर खालून वर येणारं ॲनिमेशन करायचं तर प्रत्येक अक्षराला स्वतःचा स्पॅन लागतो. लायब्ररी किंवा हाताने लिहिलेला कोड मजकुरावर 'स्प्लिट' चालवतो आणि जे तुकडे मिळतील त्यांना स्पॅनमध्ये गुंडाळतो.

'क्षत्रिय' हा शब्द घ्या. डोळ्याला तीन अक्षरं दिसतात: क्ष, त्रि, य. युनिकोडमध्ये मात्र ते आठ कोड पॉइंट आहेत: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, ऱ्हस्व वेलांटी, य. साधा स्प्लिट आठ तुकडे करतो. हलन्ताला एकटा स्पॅन मिळतो, वेलांटीला एकटा स्पॅन मिळतो. मात्रेला टेकायला व्यंजन नसलं की तिच्यासाठी ठिपक्यांचं वर्तुळ काढलं जातं. ते वर्तुळ म्हणजे फॉन्टचा बिघाड नाही, कोडने स्वरचिन्ह पोरकं केल्याची ती खूण आहे. स्प्रेड ऑपरेटर किंवा 'ॲरे डॉट फ्रॉम' वापरा असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो इमोजींसाठी बरोबर आहे. मराठीला लागणारा देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट एकाच १६ बिटी एककात मावतो, त्यामुळे इथे तरीही आठच तुकडे पडतात.

आता खरी मेख. समजा फक्त रंग बदलायचा आहे म्हणून अक्षराभोवती साधा इनलाइन स्पॅन घातला, तर बऱ्याचदा ब्राउझर स्पॅनची सीमा ओलांडून शब्द अखंड जुळवतो. पण ट्रान्सफॉर्म हा घटक सरकवणारा-फिरवणारा गुण साध्या इनलाइन बॉक्सला लागूच होत नाही. म्हणून प्रत्येक स्पॅनला 'डिस्प्ले: इनलाइन-ब्लॉक' द्यावं लागतं. आणि इनलाइन-ब्लॉक झालं की तो तुकडा जुळणीच्या दृष्टीने स्वतंत्र मजकूर ठरतो. अर्धी व्यंजनं, रफार, वेलांटीची डावीकडची उडी, हे सगळं जुळणीच्या टप्प्यात होतं. त्या टप्प्याला शेजारचं अक्षर दिसलंच नाही तर जोडाक्षर होणार कसं? तेव्हा "ट्रान्सफॉर्म काढला की बरोबर दिसतं" असं कुणी सांगितलं तर ट्रान्सफॉर्मवर चिडू नका. त्याच्यासाठी आणलेल्या इनलाइन-ब्लॉकने जुळणी तोडलेली असते.

उपाय तीन आहेत. माझ्या पसंतीच्या क्रमाने सांगतो.

पहिला: अक्षराऐवजी शब्द हलवा. मराठी शीर्षक साधारण तीन ते सहा शब्दांचं असतं. शब्दागणिक ६० ते ८० मिलिसेकंदांचा डिले दिला तर लाटेचा परिणाम छान येतो, शिरोरेघ शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहते, आणि काहीही तुटत नाही. मराठीत शिरोरेघ शब्दालाच बांधते, त्यामुळे शब्द हे हालचालीचं एकक डोळ्याला नैसर्गिक वाटतं. एक पथ्य पाळा: शब्दांमधली मोकळी जागा स्पॅनच्या आत ठेवू नका. इनलाइन-ब्लॉकच्या शेवटी आलेली स्पेस गिळली जाते आणि सगळे शब्द एकमेकांना चिकटतात. स्पेस दोन स्पॅनच्या मधे, बाहेर हवी.

दुसरा: तुकडे अजिबात न करता मास्क सरकवा. अक्षरागणिक उलगडणारं शीर्षक हवंच असेल तर हा मार्ग सुंदर आहे. एकाच घटकाला डावीकडे काळा आणि उजवीकडे पारदर्शक होत जाणारा रेखीय ग्रेडियंट मास्क म्हणून द्या: ४० टक्क्यांपर्यंत काळा, ६० टक्क्यांपासून पारदर्शक. मास्कचा आकार रुंदीला ३०० टक्के, उंचीला १०० टक्के ठेवा. मग मास्क-पोझिशन १०० टक्क्यांवरून ० वर आणा. सुरुवातीला ग्रेडियंटचा पारदर्शक तिसरा भाग शीर्षकावर असतो, शेवटी काळा पहिला भाग. मजकूर डावीकडून उजवीकडे मऊ कडेने प्रकट होतो आणि पानाच्या रचनेत (डॉममध्ये) एकही स्पॅन वाढत नाही. क्रोमने डिसेंबर २०२३ मध्ये मास्कवरचा वेबकिट प्रीफिक्स काढला, तरी जुन्या फोनांसाठी प्रीफिक्सचा जोडनियम ठेवा. मर्यादा एकच: शीर्षक दोन ओळींचं असेल तर दोन्ही ओळी एकदम उलगडतात. ओळीमागून ओळ हवी असेल तर ओळींचे तुकडे करावे लागतात, त्याबद्दल पुढे येईलच.

तिसरा: अक्षरंच हलवायची असतील तर निदान काप योग्य जागी पाडा. त्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये 'इंटल डॉट सेगमेंटर' आहे. त्याला भाषा 'एमआर' आणि ग्रॅन्युलॅरिटी 'ग्राफीम', म्हणजे वाचकाच्या दृष्टीने एक अक्षर, अशी द्या. क्रोममध्ये तो २०२० पासून आहे, फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ मध्ये १२५ व्या आवृत्तीत आला. पण इथेही एक खाच आहे. युनिकोडच्या जुन्या नियमांत हलन्तानंतर तुकडा संपायचा, त्यामुळे 'क्षत्रिय'चे पाच तुकडे पडायचे: क्, ष, त्, रि, य. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नवा नियम आणला आणि जोडाक्षर एकसंध धरलं जाऊ लागलं. मग तुकडे तीन. म्हणजे एकच कोड नव्या ब्राउझरात तीन तुकडे देतो आणि जुन्यात पाच. त्यावर भरवसा ठेवू नका. सेगमेंटरचा निकाल हातात आल्यावर एक फेरी मारा, आणि मागचा तुकडा हलन्ताने किंवा हलन्त अधिक झिरो-विड्थ-जॉइनर या जोडणाऱ्या अदृश्य चिन्हाने संपत असेल तर पुढचा तुकडा त्याला जोडून टाका. चार ओळींचं काम आहे आणि ब्राउझर कोणताही असो, 'क्ष' कधीच फुटत नाही.

एवढं करूनही दोन बारीक दोष उरतात, ते आधीच क्लायंटला सांगून ठेवा. बहुतेक देवनागरी फॉन्टांत शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते, म्हणजे सांधा दिसू नये. स्पॅन वेगळे असले आणि ऑपॅसिटी ० वरून १ कडे जात असली की त्या चढलेल्या भागात रंग दोनदा पडतो आणि रेघेवर गडद ठिपके उमटतात. ॲनिमेशन संपलं की ते जातात, पण सावकाश फेडमध्ये स्पष्ट दिसतात. दुसरा दोष उलटा: स्पॅनची रुंदी पूर्णांकात येत नाही, त्यामुळे काही स्क्रीनवर सांध्यात केसाएवढी फट राहते. त्यावर उपाय म्हणजे ॲनिमेशन संपल्याच्या इव्हेंटवर स्पॅन काढून मूळ मजकूर परत ठेवणं. मी तर ते नेहमीच करतो. पान हलायचं थांबलं की वाचकासमोर खरा, अखंड शब्द असला पाहिजे.

आणि तुकडे कोणतेही करा, शीर्षकावर 'एरिया-लेबल' म्हणून पूर्ण वाक्य आणि आतल्या स्पॅनांवर 'एरिया-हिडन' द्या. नाहीतर स्क्रीन रीडर "ग", "णे", "श" असं एकेक सांगत बसतो.

वरचं-खालचं कापलं जातं तेव्हा

हा दोष सर्वांत जास्त भेटतो आणि सर्वांत जास्त वेळ खातो, कारण तो सगळ्या शब्दांत दिसत नाही. 'आमचा परिवार' व्यवस्थित दिसतं, 'मूर्तींचे' कापलं जातं. टेस्टिंग 'आमचा परिवार'वर झालेलं असतं.

'र्तीं' बारकाईने बघा. शिरोरेघेच्या वर दीर्घ वेलांटीचं वळण, त्याला टेकून रफार, वर अनुस्वार. त्याच शब्दात 'मू'चा उकार खाली लोंबतो. लॅटिनमध्ये एवढा पसारा वर-खाली एकाच वेळी क्वचित असतो, म्हणून इंग्रजी डिझाइनमध्ये मोठ्या शीर्षकाला लाइन-हाइट १ किंवा ०.९ देतात. टेलविंडमध्ये तर 'टेक्स्ट-५एक्सएल' आणि त्यापुढच्या सगळ्या मापांना लाइन-हाइट १ आपोआप लागते, तुम्ही कुठेही लिहिलेली नसताना. नुसतं एवढंच असेल तर काही बिघडत नाही. शाई, म्हणजे अक्षराचा दिसणारा भाग, बॉक्सच्या बाहेर जाते, पण दिसते. आता त्यावर 'ओव्हरफ्लो: हिडन' येतं. खालून वर सरकत येणाऱ्या शीर्षकाची ती नेहमीची युक्ती: बाहेरच्या बॉक्सला ओव्हरफ्लो हिडन, आतल्या मजकुराला 'ट्रान्स्लेट-वाय १०० टक्के', मग ०. ॲनिमेशन संपलं तरी ओव्हरफ्लो तसंच राहतं आणि बॉक्सबाहेरची शाई कायमची छाटली जाते.

पहिला उपाय लाइन-हाइट. मराठी शीर्षकाला मी १.३ च्या खाली जात नाही, दोन ओळींचं असेल तर १.४. त्यापेक्षा कमी केलं की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांत घुसतात. डिझायनर म्हणतात ओळी सुटलेल्या वाटतात. त्यांना इंग्रजी मजकुरावर नाही, खऱ्या मराठी मजकुरावर दाखवा, म्हणजे वाद मिटतो.

लाइन-हाइट बदलायची मुभाच नसेल तर बाहेरच्या बॉक्सला वर-खाली पॅडिंग द्या आणि तेवढाच उणे मार्जिन: 'पॅडिंग-ब्लॉक: ०.३एम, मार्जिन-ब्लॉक: -०.३एम'. 'एम' म्हणजे फॉन्टच्या आकाराइतकं माप. शाईला जागा मिळते आणि मांडणी जागची हलत नाही. पण मग लगेच नवी तक्रार येते: ॲनिमेशन सुरू व्हायच्या आधीच शीर्षकाचा माथा खाली डोकावतोय. कारण १०० टक्के हे आतल्या घटकाच्या उंचीवर मोजले जातात, आणि बाहेरचा बॉक्स आता पॅडिंगमुळे त्याहून उंच आहे. ट्रान्स्लेट १०० ऐवजी १५० टक्के करा, किंवा पॅडिंग आतल्या घटकालाच द्या म्हणजे १०० टक्क्यांत तेही मोजलं जाईल. दुसरी पद्धत जास्त भरवशाची.

मला अधिक आवडतो तो क्लिप-पाथ. ओव्हरफ्लो हिडनऐवजी बाहेरच्या बॉक्सला 'क्लिप-पाथ: इन्सेट(-०.३एम ०)' द्या. इन्सेटला उणे मूल्य चालतं, म्हणजे छाटणीची कड बॉक्सच्या बाहेर जाते आणि मांडणीला हात लागत नाही. आडव्या बाजूलाही थोडं उणे मूल्य ठेवलं तर बरं, कारण ओळीच्या सुरुवातीला 'कि', 'वि' आलं की काही फॉन्टांत वेलांटीचं वळण डावीकडे बाहेर डोकावतं. इथेही ट्रान्स्लेटचं मूल्य त्या प्रमाणात वाढवायला विसरू नका.

हाच दोष आणखी काही ठिकाणी वेगळ्या वेषात येतो.

ग्रेडियंट भरलेलं शीर्षक, म्हणजे 'बॅकग्राउंड-क्लिप: टेक्स्ट' आणि रंग पारदर्शक. इथे कापाकापी कुणी केलेलीच नसते, तरी रफार दिसत नाही. बॅकग्राउंड फक्त बॉक्सच्या आत रंगवला जातो. बाहेर गेलेल्या शाईवर रंगच नाही, आणि ती स्वतः पारदर्शक आहे. तेच पॅडिंग-मार्जिन इथेही चालतं. मजकूर आतल्या इनलाइन स्पॅनमध्ये ठेवून ग्रेडियंट त्याला दिला तरी बऱ्याचदा सुटतं, कारण इनलाइन बॉक्सचा बॅकग्राउंड लाइन-हाइटवर ठरत नाही, फॉन्टच्या स्वतःच्या उंची-खोलीवर ठरतो. दोन ओळी असतील तर 'बॉक्स-डेकोरेशन-ब्रेक: क्लोन' जोडा म्हणजे प्रत्येक ओळीला ग्रेडियंट नव्याने मिळतो. वर सांगितलेल्या मास्कलाही हाच नियम आहे: मास्क मूळतः बॉर्डर-बॉक्सपाशी छाटतो, म्हणून पॅडिंग हवंच.

लाइन-क्लॅम्प, म्हणजे ठरावीक ओळींनंतर मजकूर तोडणारा नियम, लावलेली कार्डं. शेवटच्या ओळीचे उकार कापले जातात म्हणून लोक खाली पॅडिंग देतात, आणि त्या पॅडिंगमध्ये लपवलेल्या पुढच्या ओळीची शिरोरेघ डोकावते. इथे पॅडिंग नाही, लाइन-हाइटच वाढवायची.

आणि नव्याने आलेला 'टेक्स्ट-बॉक्स' गुण, सफारी १८.२ आणि क्रोम १३३ पासूनचा. तो बॉक्सची वरची कड लॅटिन कॅपिटल अक्षराच्या उंचीशी छाटतो, म्हणजे बटणातला मजकूर बरोबर मध्यभागी दिसतो. देवनागरीला कॅपिटल उंची हे मापच लागू नाही. मराठी पानावर तो 'नॉर्मल' करून ठेवा, विशेषतः आसपास ओव्हरफ्लो हिडन असेल तर.

टाइपरायटर ॲनिमेशन

इथे शीर्षक तुटत नाही, थरथरतं. कोड मजकुराचा शून्यापासून वाढत जाणारा तुकडा दाखवतो. 'शिक्षण' टाइप होताना आधी 'श' येतो, मग वेलांटी लागताच तो उजवीकडे ढकलला जातो. मग 'क', मग पाय मोडलेला 'क्', मग अचानक 'क्ष'. प्रत्येक टप्प्यावर शब्दाची रुंदी मागेपुढे होते आणि शीर्षक मध्यभागी असेल तर सगळी ओळच डुलते. उपाय वरचाच: सेगमेंटरने केलेले आणि हलन्तावर जोडलेले तुकडे ॲरेमध्ये ठेवा आणि दर ठोक्याला एक पूर्ण अक्षर जोडा. शीर्षकाची अंतिम रुंदी आधीच राखून ठेवली, म्हणजे पूर्ण मजकूर 'व्हिजिबिलिटी: हिडन' करून खाली आणि टाइप होणारा मजकूर त्यावर, तर डुलणंही थांबतं.

फक्त सीएसएसवर चालणारा टाइपरायटर, 'स्टेप्स' आणि 'सीएच' एककाचा, मराठीसाठी सोडून द्या. सीएच म्हणजे शून्याच्या आकड्याची रुंदी. समान रुंदीच्या लॅटिन फॉन्टमध्ये ते जुळतं. आपल्याकडे 'र' आणि 'ज्ञ' यांची रुंदी एक कशी असेल? कर्सर अक्षराच्या मधोमध थांबतो.

बाह्यरेषा

पोकळ अक्षरांची फॅशन सध्या जोरात आहे. 'टेक्स्ट-स्ट्रोक' लावलं की शिरोरेघेवर दर अक्षराच्या सांध्याला उभ्या रेषा दिसतात. फॉन्टमध्ये अक्षरं एकमेकांवर चढलेली आहेत आणि स्ट्रोक प्रत्येकाची कड वेगळी काढतो, म्हणून. आत रंग भरलेला असेल तर 'पेंट-ऑर्डर: स्ट्रोक फिल' लिहा, आधी कडा, मग त्यांवर भरणी, सांधे झाकले जातात. आतून खरंच पोकळ हवं असेल तर सीएसएसमध्ये नीट मार्ग नाही. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे आकार एकत्र जोडून एसव्हीजी करा आणि त्याला मजकुराचं लेबल द्या. शीर्षकाचं चित्र करायला माझी हरकत असते, पण इथे ते रास्त आहे.

फॉन्ट उशिरा येतो आणि ओळी चुकतात

लक्षण: पहिल्या भेटीत ओळी भलत्या जागी मोडतात, रिफ्रेश केलं की बरोबर. ओळींचे तुकडे करणारा कोड मजकूर मोजतो तेव्हा वेबफॉन्ट आलेला नसतो, मोजमाप सिस्टिमच्या फॉन्टवर होतं. फॉन्ट आल्यावर रुंदी बदलते, पण ओळी आधीच गोठलेल्या असतात.

फॉन्ट येईपर्यंत थांबा हे सगळ्यांना माहीत असतं. बरेच जण 'डॉक्युमेंट डॉट फॉन्ट्स डॉट लोड' वापरतात, वजन आणि नाव देतात, आणि तरीही मराठीत ओळी चुकतात. कारण वेबफॉन्ट लिपीनुसार तुकड्यांत येतो. गूगल फॉन्ट्सची सीएसएस उघडून बघा: एकाच नावाखाली देवनागरी, लॅटिन-विस्तारित, लॅटिन असे वेगवेगळे फॉन्ट-फेस आणि प्रत्येकाला आपापली युनिकोड-रेंज. लोड या फंक्शनला दुसरा आर्ग्युमेंट मजकुराचा असतो. तो दिला नाही तर फक्त एक स्पेस धरली जाते. स्पेस लॅटिन तुकड्यात आहे, म्हणून लॅटिन फाइल उतरते, वचन (प्रॉमिस) पूर्ण झाल्याचं कळवलं जातं, आणि देवनागरी फाइल अजून वाटेतच. दुसरा आर्ग्युमेंट म्हणून खरं शीर्षक द्या. एवढ्या एका बदलाने हा दोष जातो. खिडकीची रुंदी बदलली की ओळी पुन्हा मोजायच्या, हे वेगळं सांगायला नको.

फॉन्टचे तुकडे स्वतः करत असाल तर रेंजमध्ये ०९०० ते ०९७एफ एवढंच टाकून थांबू नका. २००सी आणि २००डी ही दोन अदृश्य चिन्हं, २०बी९ हे रुपयाचं चिन्ह आणि २५सीसी हे ठिपक्यांचं वर्तुळ हवंच. आणि जुना फॉन्ट असेल तर त्यात 'ॲ' आहे का बघा. ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, ज्या फॉन्टांत ते नाही तिथे 'ॲप'मधलं पहिलं अक्षर दुसऱ्याच वळणाचं दिसतं.

दऱ्या आणि दर्या

शेवटचा दोष दिसायला सगळ्यात लहान आहे, पण तो अर्थच बदलतो. एका ट्रेकिंगच्या साइटवर 'सह्याद्रीच्या दऱ्या' हे शीर्षक संपादकाने बरोबर लिहिलं होतं आणि पानावर मात्र 'सह्याद्रीच्या दर्या' असं येत होतं. डोंगरातली दरी गेली आणि समुद्र आला. डेटाबेसमध्ये मजकूर बरोबर, एचटीएमएलमध्ये चूक.

'ऱ्य' दोन प्रकारे लिहिला जातो. एक, ०९३१ हा स्वतंत्र 'ऱ', हलन्त आणि य. दुसरा, साधा 'र', हलन्त, मग अदृश्य झिरो-विड्थ-जॉइनर (२००डी), मग य. दिसायला दोन्ही सारखेच. काही कीबोर्ड पहिला देतात, काही दुसरा. आता ॲनिमेशनच्या आधी मजकूर 'स्वच्छ' करणारा एक रेगेक्स (मजकुरातले नमुने शोधणारं सूत्र) अनेक प्रकल्पांत फिरत असतो, २००बी ते २००डी ही सगळी अदृश्य चिन्हं पुसणारा. त्याने जॉइनर पुसला की उरतं ते र, हलन्त, य, म्हणजे रफार: दर्या. 'वाऱ्या'चा 'वार्या' होतो, 'कऱ्हाड'चं 'कर्हाड'. इंग्रजी मजकुरात ही चिन्हं कचरा असतात, मराठीत ती शुद्धलेखनाचा भाग आहेत. रेगेक्समधून २००सी आणि २००डी वगळा, २००बी आणि बीओएम (फाइलीच्या सुरुवातीला येणारं अदृश्य चिन्ह) तेवढे पुसा. हाच रेगेक्स सर्व्हरवर, सीएमएसच्या (मजकूर भरायच्या यंत्रणेच्या) प्लगइनमध्ये आणि बिल्डच्या वेळीही असू शकतो, म्हणून डेटाबेसपासून पानापर्यंत एकेक टप्प्यावर मजकुराची लांबी मोजत जा. जिथे एकाने कमी भरेल तिथे तो आहे.

चाचणीसाठी मी एक ओळ कायम हाताशी ठेवतो, शीर्षकाच्या जागी टाकून बघायला: 'दऱ्याखोऱ्यांतल्या मूर्तींचे कर्तृत्व, क्षत्रिय ट्रॅक्टर, विद्यार्थ्यांनी ज्ञानश्रीमंत ॲप'. अर्थ शोधू नका, प्रत्येक शब्द एकेका दोषासाठी आहे. 'दऱ्या' दोन्ही पद्धतींनी टाइप करून घ्या. ही ओळ अरुंद मोबाइलवर दोन ओळींत मोडेल इतकी करा, विंडोज आणि अँड्रॉइड दोन्हींवर उघडा, ॲनिमेशन १० टक्के वेगाने चालवा. क्रोमच्या ॲनिमेशन्स पॅनलमध्ये तशी सोय आहे. डिझायनरला मंजुरीसाठी पाठवायच्या फाइलीतही इंग्रजी नमुना मजकुराऐवजी हीच ओळ घाला.